कुळथाचे मोड

फरीदाबादच्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात पोषणतज्ज्ञ म्हणून रुजू झाल्यावर मी पहिला हट्ट धरला तो कुळथाचा. पिलांच्या खाद्यातली बहुतेक प्रथिने सोयाबीनच्या पेंडीतून येत. त्यातला काही भाग कुळथाने भरून काढता येईल, असा माझा दावा होता. अडचण दाण्यातच होती. कच्च्या कुळथात प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात. पिलू पोटभर खाते आणि तरीही वाढत नाही. भिजवून, मोड आणून, वाफवून, मग वाळवून दळले की ती बरीच निष्प्रभ होतात, हे मी प्रयोगशाळेत ताटलीभर दाण्यांवर दाखवले होते. कारखान्यात मात्र ढीग मोठा झाला की आतून तापे आणि मोडांऐवजी आंबूस वास येई. दोन खेपा अशाच फेकाव्या लागल्या. आता एकच खेप, तीही बिघडली तर सोयाबीनच बरे, असे व्यवस्थापकांनी सौजन्याने पण स्पष्ट सांगितले.

ही शेवटची खेप भिजवून निथळली, आणि नेमके मला दिल्लीत बैठकीला जावे लागले. निघताना मी पर्यवेक्षकांना बजावले, "बोरी से ढँककर रखिए, और मोड का ध्यान रखिएगा. सारा काम उसी पर टिका है." मी दिल्लीतच वाढले, माझी हिंदी कुणाला परकी वाटत नाही. पण स्वयंपाकघरातले शब्द आईकडून आलेले, आणि ते घराबाहेर चालतात की नाही, हे तपासायची वेळ कधी आली नव्हती.

परतले तेव्हा पर्यवेक्षक फावड्याला टेकून उभे होते. "मॅडम, आपने कहा था, तो बार-बार मोड़ते रहे. दोनों शिफ्ट आपको दुआएँ दे रही हैं."

तो टोमणा समजायला मला क्षणभर लागला. हिंदीत आपल्या मोडाला अंकुर म्हणतात. त्यांनी ऐकले होते ते 'मोड़ना', म्हणजे उलटणे. माणसे आळीपाळीने तो सारा ढीग फावड्याने वरखाली करत राहिली होती. मोड तुटून खेप गेली, असे समजूनच मी गोणपाट उचलले.

दाण्यादाण्याला सारखाच, इवलासा, पांढरा मोड होता. वर, मध्ये, अगदी तळाशीसुद्धा. ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत गारवा होता. रुजणारा दाणा श्वसन करतो आणि उष्णता सोडतो, हे मी परीक्षेत कितीदा लिहिले असेल. ती उष्णता बाहेर पडायला ढीग उलटावा लागतो, एवढाच दुवा राहून गेला होता.

घोटाळा उलगडून सांगितला तेव्हा पर्यवेक्षक हसत सुटले. "सीधे अंकुर बोल देतीं, हमारी कमर बच जाती."

"और खेप चली जाती," मी म्हणाले.

वाफवल्यानंतरच्या चाचणीत ती द्रव्ये सुसह्य पातळीखाली उतरली. मग पिलांचे दोन गट झाले, एक सोयाबीनवर, एक कुळीथ मिसळलेल्या खाद्यावर. वजनाच्या दिवशी व्यवस्थापक स्वतः काट्याशी येऊन उभे राहिले. कुळथाचा गट मागे पडला नव्हता. त्यांनी काटा शून्यावर आणवला, पिले पुन्हा तोलायला लावली. आकडा तोच आला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, एवढा कुळीथ बारमाही कुठून आणायचा?

याचे उत्तर माझ्यापाशी केव्हाचे तयार होते. मी इतक्या वेगाने बोलले, की त्यांनी मला सगळे पुन्हा, हळू सांगायला लावले.