लक्ष्मी तालावर रेनकोटला बंदी

झाशीच्या फलाटावर उतरले तेव्हा माझी तयारी अशी होती की वाटेत पूर आला असता तरी मी कोरडी राहिले असते. नवा रेनकोट, पाणी न शिरणारे बूट, भिजली तरी न फाटणारी वही, उन्हाचं क्रीम. यादीतलं सगळं होतं. नव्हता तो फक्त वसुधाताईंचा होकार, आणि मी आले होते तो त्यासाठीच.

आमच्या पुण्याच्या संस्थेला संशोधनासाठी निधी हवा होता. रेनकोट, नॉनस्टिक तवे यांवरच्या लेपातली रसायनं कारखान्यातून निघून संसार उरकल्यावर शेवटी कुठे जातात, हे शोधायचं होतं. निधी देणाऱ्यांची अट अशी की दोन राज्यांतल्या प्रयोगशाळांनी मिळून अर्ज करावा. वसुधाताई झाशीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात आणि तिथल्या लक्ष्मी तालाच्या (ताल म्हणजे तलाव) पाण्याचा अभ्यास करतात. त्या नाही म्हणाल्या तर अर्ज बाद. मुदत सोमवारी संपत होती आणि फोनवर त्या एवढंच म्हणत, "या तर खरं, मग बघू."

मानिक चौकाच्या गल्लीत माझी बॅग भांड्यांच्या दुकानात अर्धी शिरली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "बहनजी, इसे भी तौल दूँ?"

वसुधाताईंचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. जेवायला महेरी (ताकात शिजवलेली भरड) होती आणि शेजारी आपला वरणभात. "पोट बुंदेली, जीभ मराठी," त्या म्हणाल्या. "जीभ पण आता अर्धी हिंदीच समझो." अर्जाचा विषय काढला की त्या माझ्या पानात भात वाढत.

सकाळी तालावर निघताना त्यांनी मला दारातच अडवलं.

"ताईजी, हा रेनकोट उतरवा."

"का?"

"जे तालात शोधायचं, तेच अंगावर घालून निघालात. त्यातलं जरा जरी बाटलीत गेलं, तर रिपोर्ट येईल, ताल में पुणे मिला."

त्याच कारणाने पाठोपाठ बूट गेले, वही गेली, चेहऱ्यावरचं क्रीम धुवावं लागलं. अनेकदा धुतलेली त्यांची सुती साडी नेसून आणि हातात साधी पेन्सिल घेऊन मी निघाले. इतकी कमी तयारी करून मी आयुष्यात घराबाहेर पडले नव्हते.

महालक्ष्मीचं देऊळ मागे ठेवून त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या. बाटल्या भरून झाल्यावर काठावर बसत म्हणाल्या, "याआधी पण लोक आले. बाटल्या भरल्या, घेऊन गेले. पाणी आमचं, ते तपासायचं मशीन त्यांचं, अहवाल पण त्यांचा. आमचं नाव शेवटी, मदतनीसांत. या वेळी निधीतून येणारं मशीन झाशीत ठेवा, मग सही करते."

मी तिथूनच संस्थेच्या प्रमुखांना, आमच्या सरांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि ताईंची अट सांगितली.

"झाशीत ते चालवणार कोण?" सर म्हणाले.

"मी, सर. और मेरे कॉलेज की लड़कियाँ शिकतील," वसुधाताई म्हणाल्या. "तुमचं पाणी इकडे पाठवा ना. रेल्वे दोन्ही बाजूंनी चलती है."

तेव्हा मी म्हणाले, "सर, यांच्याशिवाय अर्ज जात नाही. मी अर्जात मशीनच्या जागेपुढे झाशी लिहिते आहे."

"लिही," सर म्हणाले. वसुधाताईंनी ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

गाडी सुटताना त्या खिडकीशी आल्या. "बाटल्यांवर नाव नीट लिहून पाठवा हं ताईजी. तुमचं नाव पण टाकू, मदतनीसांत."

निधी मिळेल की नाही, ते अजून कळायचं आहे. पण अर्जाअर्जांतून सहकार्य हा शब्द मी इतकी वर्षं लिहीत आले, आणि कोणी कोणाकडे पाणी वाहून न्यायचं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. निधी मिळाला, तर मुठेच्या पाण्याची पहिली पेटी घेऊन झाशीला मीच जाईन.