अकरा अंगठे

ती घटना आजही आठवते. माझ्या नोकरीतला तो काही मोठा गुन्हा नव्हता. पण त्या वेळी एका निरपराध माणसाच्या अटकेचे कागद मी स्वतः तयार करून टेबलावर ठेवले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता आणि मी शिरपूर-जऊळक्याच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. एका राजकीय पक्षाच्या तालुका अध्यक्षपदाची निवडणूक रविवारी व्हायची होती. जुने अध्यक्ष बरीच वर्षं खुर्चीवर होते. दरवेळी चारदोन प्रतिष्ठित मंडळी बसत, त्यांचंच नाव पुकारत आणि चहा पिऊन घरी जात. मतदान असं कधी झालंच नव्हतं.

त्या वर्षी एक शिंपी त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. बाजारात त्याचं एका मशीनचं दुकान होतं. संध्याकाळी दुकान बंद केलं की हा माणूस पायी वाड्यावस्त्यांवर जाई. मजूर शेतातून परतलेले असत. त्यांच्यात बसून तो पक्ष म्हणजे काय, सभासदाला काय हक्क असतात, हे सांगे आणि सभासद अर्ज भरून घेई. वर्षभरात त्याने दोनशेच्या आसपास अर्ज भरले.

मंगळवारी सकाळची हजेरी संपते न संपते तोच अध्यक्ष वकील आणि पक्ष कार्यालयाच्या कारकुनासह ठाण्यात आले. शिंप्याने दिलेल्या गठ्ठ्यातले अकरा अर्ज बनावट आहेत, अशी त्यांची तक्रार होती. त्यातली काही माणसं मेलेली, काही कामासाठी गाव सोडून गेलेली. तरी प्रत्येक अर्जावर अंगठा होता आणि शिफारस म्हणून शिंप्याची सही. शिफारस करणाराच खोटा ठरला, तर पक्षाच्या नियमाप्रमाणे त्याचे सगळेच अर्ज बाद होणार होते.

मी तक्रार नोंदवली, सगळा गठ्ठा पंचनामा करून ताब्यात घेतला आणि शिंप्याला बोलावलं. तो आला, टोपी काढून उभा राहिला. अर्ज पाहून म्हणाला, "साहेब, सही माह्यासारखी हाये, पन माही नाही. मेलेल्या मानसाचा अर्ज भरून मले काय भेटनार? रविवारी तो मत द्याले येनार हाये काय?"

बोलणं बिनतोड होतं. पण बिनतोड बोलणारे लबाड मी पुष्कळ पाहिले होते. हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल यायला महिने लागत. इकडे वाशीमहून वरिष्ठांचे फोन सुरू झाले. पहिल्या फोनवर विचारणा होती, दुसऱ्यावर सूचना. गुरुवारी सकाळी मी अटकेचे कागद लिहायला घेतले.

ते लिहून होतात तोच एक म्हातारी दारात दिसली. पाच-सहा मैल चालून आलेली शेतमजूर बाई. खोट्या अंगठ्यांपायी शिंप्याला धरणार असं ऐकलं, ते अंगठे माझेच असतील म्हणून आले, असं ती म्हणाली. मी तिला बसवलं आणि सगळं सांगायला लावलं.

"एक बाबू आल्ता. म्हने साखरेच्या कार्डाचे कागद हायेत, अंगठा दे. एक देल्ला, दुसरा देल्ला, तो कागद काढूनच राह्यला. मी म्हनलं, एवढी साखर कोन देऊन राह्यलं बापा? तर म्हने, कायले इचारतं? गप राह्य."

मी तिचा उजवा अंगठा पाहिला. विळ्याने कापल्याची जुनी आडवी खूण होती. भिंग घेऊन अर्ज तपासले. अकराही ठशांवर तीच आडवी रेघ.

लगेच कारकुनाला बोलावलं. मी चौकशीत हात उचलत नसे. बोलायला मोकळं सोडलेला माणूस जास्त सापडतो, हा माझा अनुभव. मी म्हातारीचं नाव काढलं नाही. हे अकरा अर्ज कुठून आले, एवढंच विचारलं. तो ठामपणे म्हणाला, शिंप्याने खिशातून काही अर्ज काढून माझ्या हातात दिले, त्यातच हे होते. मी ते लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं आणि सही घेतली.

मग दोन्ही प्रकारचे अर्ज त्याच्यासमोर ठेवले. शिंपी कोरे अर्ज सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडे, त्यामुळे त्याच्या प्रत्येक अर्जाला चार घड्या होत्या. त्या अकरा अर्जांवर एकही घडी नव्हती.

"हे खिशात मावले कसे?" मी विचारलं.

त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर मी म्हातारीला आत बोलावलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "हाच तो साखरवाला."

कारकुनाने कबूल केलं. सह्याही त्यानेच केल्या होत्या. अध्यक्षांनी सांगितलं का, यावर तो म्हणाला, "त्याईनं एवढंच म्हनलं, काहीतरी करा." तेवढ्यावर अध्यक्षांना आरोपी करता आलं नाही. खटला कारकुनावर चालला, म्हातारीने कोर्टात न अडखळता साक्ष दिली आणि त्याला शिक्षा लागली.

त्या रविवारी निवडणुकीच्या बंदोबस्ताला मी स्वतः होतो. वस्त्यांवरून माणसं बैलगाड्यांतून, पायी, जऊळक्याच्या गाडीने आली. बायकाही आल्या. कित्येकांनी पक्षाची बैठक पहिल्यांदाच पाहिली असेल. शिंपी नऊ मतांनी निवडून आला. मोजणी चालू असतानाच अध्यक्ष उठून गेले होते.

वरिष्ठांनी तपासाची तारीफ केली. त्याच आठवड्यात ठाण्याच्या पहारेकऱ्याकडून मला एक गोष्ट कळली. ती म्हातारी बुधवारीही आली होती. साहेब बाहेर आहेत, तुझं इथं काय काम, असं म्हणून त्याने तिला परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती तेवढंच अंतर पुन्हा चालून आली. ती आली नसती, तर दुपारपर्यंत शिंपी कोठडीत असता आणि दोनशे माणसांचं मत गेलं असतं. घड्या मला दिसल्या खऱ्या. पण बघायला मला तिने लावलं.

गुन्ह्यात ज्याचा काही फायदा नाही आणि तरीही जो आपणहून ठाण्याची पायरी चढतो, त्याच्याइतका मोलाचा साक्षीदार पोलिसाला मिळत नाही. आणि तो बहुधा दारातच अडवला जातो. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे रुजू झाल्यावर माझा पहिला आदेश एकच असे: पायी आलेल्या माणसाला आधी आत घ्या, गाडीतून आलेला थांबेल.