चौथ्या ओळीतलं चित्र

गॅलरी शनिवारी उघडायची होती. सोमवार संपत आला, तरी अकरा व्हॉलंटिअरपैकी एकाचंही उत्तर आलं नव्हतं. मजकूर सगळ्यांनी वाचला होता. ग्रुपवर तशा निळ्या खुणा दिसत होत्या.

ट्रस्टच्या अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"माणसं नसतील तर मागचा हॉल बंदच राहील. कुणी चित्राला हात लावला तर जबाबदार कोण? पुढची खोली उघडू, मागे कुलूप."

"किती दिवस?"

"पाहू."

'पाहू' म्हणजे काय, हे ट्रस्टमध्ये काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मी यवतमाळच्या या छोट्या गॅलरीत कॉन्झर्वेटर आहे. चित्र नवं करणारा नव्हे, ते आणखी बिघडू न देणारा. ओल, ऊन, वाळवी आणि लोकांची बोटं, हे माझे चार शत्रू. पैकी ओल छतातून आली, म्हणून दोन पावसाळे गॅलरी बंद होती. व्हॉलंटिअर म्हणजे इथे पगार न घेता चित्राशेजारी उभं राहणारा माणूस. तो बोटांवर लक्ष ठेवतो, विचारलं तर माहिती देतो. हे काम माझी पत्नी सुमन बघायची. गॅलरी बंद असतानाच, गेल्या पौषात, ती गेली. त्यामुळे व्हॉलंटिअरना बातमी कळवायचं काम माझ्याकडे आलं.

मी लिहिलं होतं: 'सर्व व्हॉलंटिअरना कळविण्यात येते की गॅलरी शनिवारपासून पुन्हा सुरू होत आहे. हॉल एक व हॉल दोन. शिफ्ट अ व शिफ्ट ब. कोण कुठे, ते खाली नावांपुढे दिले आहे. जागा दर आठवड्याला बदलतील.' जागा बदलण्याला रोटेशन म्हणतात. एका प्रशिक्षणात ते शिकवलं होतं. माणूस कंटाळत नाही, असं कारण दिलं होतं.

मंगळवारी देवरावजींना फोन केला. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आमचे सर्वांत जुने व्हॉलंटिअर.

"सोयाबीनची सोंगणी चालू हाये जी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

देवरावजींचं शेत मक्त्याने दुसऱ्याला कसायला दिलेलं आहे, हे मला माहीत होतं. संध्याकाळी मी लोहाऱ्याला त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर शेजारच्या शेवंताबाई बसल्या होत्या. त्याही आमच्याच व्हॉलंटिअर. माहेर फुलसावंगीकडच्या तांड्यातलं. गॅलरीत फ्रेम करून ठेवलेली आरशांची जुनी कांचळी, म्हणजे बंजारा बायकांची चोळी, त्या सांभाळायच्या.

मला पाहून देवरावजींनी चहा सांगितला. चहा आला. मी सरळच विचारलं.

"काही चुकलं का माझं?"

"शिफ्ट म्हणे!" देवरावजी कप खाली ठेवत म्हणाले. "शिफ्ट तं म्या डेपोत तीस वर्सं केली. तिथी कोणतीबी गाडी भेटे. इथी माहं एकच चित्र होतं, बैलबाजाराचं. ते कुठी गेलं?"

"चित्र आहे तिथेच आहे."

"मंग मले हॉल दोन काहून लिवलं? सतरा बैल हायेत त्याच्यात. अठरावा गाडीमागं हाये, नुसती शेपूट दिसते. हे दुसऱ्या कोणाले माहीत हाये का?"

मला माहीत नव्हतं. मी ते चित्र दोनदा स्वच्छ केलं होतं.

"अन् माही कांचळी कोणी पाहावी?" शेवंताबाई म्हणाल्या. "टाका कोणता ते पोरीबाळी इचारतात. हे कंडक्टरसाहेब काय सांगतीन? तिकीट फाडतीन!"

"हसा, हसा," देवरावजी म्हणाले.

"मग कुणी मला विचारलं का नाही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवंताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आपापलं चित्र मागतलं असतं, तं मॅडमच्या चित्राचं नाव निघालं असतं, सर. तुमाले कसं इचारावं?"

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. सुमनचं रजिस्टर माझ्या टेबलावरच होतं. कोणत्या चित्राशी कोण, अशा तिच्या अक्षरातल्या बारा ओळी. अकरा व्हॉलंटिअरच्या आणि चौथी तिची स्वतःची. ती यादी उतरवायची, तर चौथ्या ओळीत काहीतरी लिहावं लागलं असतं. मी रोटेशन लिहिलं.

"त्या चित्राशी कोण उभं राहील?" मी विचारलं.

"तुमी," देवरावजी म्हणाले. "आनखी कोण?"

"मला लोकांशी बोलता येत नाही."

"मलेबी नोतं येत. मॅडमनं उभं केलं, मंग आलं."

बुधवारी मी अकरा पत्रं हाताने लिहिली. प्रत्येकावर नाव आणि त्याचं चित्र. गुरुवार संपायच्या आत अकराही जणांचे होकार आले. अध्यक्षांनी मागच्या हॉलची किल्ली दिली. "केलंत काय?" त्यांनी विचारलं. "मजकूर बदलला," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी मी सुमनच्या चित्राशी उभा राहिलो. लहानसं जलरंगातलं चित्र आहे. एक म्हातारी सुपात तूर पाखडतेय आणि तिने मान वळवली आहे. डाव्या कोपऱ्यात बुरशीचे तपकिरी ठिपके आहेत. माझी माहिती तिथे संपते. सुमन मात्र येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "हिने मान वळवलीय. दारात कोण आलं असेल?" लोक मुलगा म्हणायचे, जावई म्हणायचे.

उमरखेडकडून आलेल्या एक बाई बराच वेळ थांबल्या. घसा खाकरून मी तोच प्रश्न विचारला.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"कोनी नाई आलं, भाऊ. पाखडताना फोल डोयात जाते. म्हनून मान वळवली तिनं. तुमी कधी पाखडलं नाई वाटते?"

पलीकडे बैलबाजारापाशी देवरावजी मोठ्याने हसले. मीही हसलो. पौषानंतर पहिल्यांदाच असेल. सुमनला हे उत्तर कुणी दिलं नव्हतं. तिला ते फार आवडलं असतं.

प्रशिक्षणात एक गोष्ट सांगायची राहिली होती. जागा बदलल्याने माणूस कंटाळत नाही हे खरं, पण तो येतही नाही. आता मी कळवायच्या मजकुरात हॉलचे नंबर लिहीत नाही.

रजिस्टरच्या चौथ्या ओळीतलं नाव मी खोडलं नाही. त्याच्याखाली माझं लिहिलं: शनिवार, दुपारी दोन ते पाच. आजवर एकच खाडा झाला आहे. तो देवरावजींनी लाल शाईने लिहून ठेवला आहे.