कोरड्या हातांची काडतुसं

आमच्या घरात वाघाचं कातडं नव्हतं की सांबराची शिंगं नव्हती. लालबागच्या चाळीतल्या दीड खोलीत ती लावणार तरी कुठे? पण पलंगाखालच्या लाकडी पेटीत एक जड दुनळी रायफल होती, आणि तिचा परवाना बाबा रेशनकार्डापेक्षा जपून ठेवत. तरुणपणी ते एका लहानशा संस्थानाच्या शिकारखान्यात नोकरीला होते. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला आणि राजेसाहेबांनी आठवण म्हणून ती रायफल बाबांच्या हाती दिली. मुंबईत येऊन बाबा कॉटन ग्रीनच्या कापसाच्या गोदामावर पहारेकरी झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी उंदरांखेरीज काही मारलं असेल असं मला वाटत नाही.

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हा त्यांना बोलावणं आलं. पूर्वेकडच्या एका जंगलात एक हत्ती बिथरला होता. रात्री वस्तीत शिरून झोपड्या तुडवत होता, माणसं मारत होता. शिकारीला कायद्याने बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे हत्तीसमोर उभा राहिलेला माणूस आणि त्या ताकदीची रायफल, दोन्ही एका ठिकाणी मिळणं कठीण झालं होतं. जंगल खात्यातल्या कुणाला तरी बाबांची आठवण झाली. मी दादरच्या शाळेत शिकवत होते, आई केव्हाच गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी सरळ नाही म्हणून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि पलंगाखालची पेटी बाहेर ओढली.

पेटीतली काडतुसं बाबांच्या शिकारखान्यातल्या नोकरीच्या काळातली होती. त्यांतली दारू उतरून गेली होती, पण गोळ्या शाबूत होत्या. हत्तीला साधी गोळी चालत नाही, ती हाडावर चपटी होते. त्याला भरीव गोळी लागते, वरून कडक कवचाची, जी कवटीतून सरळ आत जाते. तशा गोळ्या आता कुठेच मिळत नव्हत्या. तेव्हा जुन्या काडतुसांतून त्या काढायच्या आणि नव्या पितळी नळकांड्यांत नवी टोपी, नवी दारू घालून पुन्हा बसवायच्या, असं ठरलं. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असते ती, घोडा पडला की पेटणारी. खात्याच्या पत्रावर फोर्टातल्या एका दुकानदाराने सामान आणि गोळी दाबून बसवायचं हातयंत्र दिलं. अडचण एकच होती. बाबांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. दारू तोलून घालण्यापुरती ती चालत, पण टोपी बसवणं आणि गोळी दाबणं त्यांच्याच्याने होईना.

म्हणून त्यांनी शेजारच्या काकांना हाक मारली. काका गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात तेलवाले होते. दिवसभर साच्यांना तेल घालत फिरायचं, हे त्यांचं अर्ध्या आयुष्याचं काम. संपात चाळीतले कितीतरी लोक कोकणात गावी निघून गेले. काका राहिले. रोज सकाळी दाढी करून गिरणीच्या फाटकापर्यंत जात आणि परत येऊन गॅलरीत बसत. आपले हात नेमके कुठे ठेवावेत हे त्या माणसाला कळेनासं झालं होतं. मला बघवत नसे. बाबांनी त्यांना पहिल्या दिवसापासून मेस्त्री म्हणायला सुरुवात केली. गिरणीत तेलवाल्याला मेस्त्री कोण म्हणतो? पण काका त्या हाकेसरशी ताठ बसत.

रोज दुपारी आमच्या खोलीत कारखाना सुरू व्हायचा. त्याआधी स्टोव्ह विझलाच पाहिजे, विडी नाही, उदबत्ती नाही. मी शाळेतून येऊन चहा मागितला तर दोघं माझ्याकडे असं बघत की जसं काही मीच चाळ पेटवायला निघाले आहे. काकांच्या हाताला सफाई होती. हातयंत्राचा दांडा दाबताना त्यांचा चेहरा शांत होई. बाबा भिंग लावून दारू तोलत आणि काका गोळी बसवत. काकूंना मात्र हे पटलं नव्हतं. त्यांच्या घरी गणपती बसायचा. काका आमच्याकडे आले की त्या आपल्या खोलीतल्या गणपतीच्या तसबिरीवर फडका टाकत आणि काका परतल्यावर काढत.

काडतुसं तयार झाल्यावर बाबांनी त्यांतली एकदोन वाजवून बघायचं ठरवलं. शहराबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर आम्ही तिघं गेलो. बाबांनी नेम धरला, घोडा ओढला. नुसती टक्क झाली. बाबा हलले नाहीत. रायफल तशीच मातीच्या बांधाकडे रोखून उभे राहिले, कारण कधीकधी काडतूस उशिराने पेटतं. काका पुढे सरकले तर बाबांनी मान न वळवता त्यांना थांबवलं. बऱ्याच वेळाने रायफल उघडून त्यांनी काडतूस बाहेर काढलं. टोपीवर ठोका नीट पडला होता. बाबांनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं, ते बोट अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

"मेस्त्री, याला काही लावलंत का?"

"टोपी बसाक जड जायत होती," काका म्हणाले. "म्हणून वायच तेल लावलंय. मशीनचा. कोरडा चालला की झिजता."

टोपीतल्या मसाल्यात तेल शिरलं की ती मेली. बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण असं कुणी करील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि काकांनी तरी का विचारावं? जन्मभर कोरड्या लोखंडाला घाबरून वागलेला माणूस. बाबांनी दोन वाक्यांत समजावलं. काका त्यांच्या हातातल्या काडतुसाकडे बघत राहिले.

माझा मात्र घरात पाऊल टाकताच तोल गेला. "हीच टक्क हत्तीसमोर झाली असती तर?" मी म्हटलं. "घरी काय आलं असतं, तुमची चप्पल?" चाळीच्या भिंती पातळ, आणि मी शाळेत शिकवून कमावलेला आवाज. काकांनी ऐकलं असणार. त्याचं मला वाईट वाटलं, पण म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. मला एकच बाप होता.

काका यायचे थांबले. फाटकाकडे जाणंही त्यांनी सोडलं. शेवटी एका दुपारी बाबांनी ती सगळी काडतुसं, नवीन टोप्या आणि हातयंत्र गोळा केलं आणि माझ्या समोरून काकांच्या खोलीत नेऊन ठेवलं. मी दारात आडवी उभी राहिले होते, तर मला हाताने बाजूला सारून गेले.

"मेस्त्री, सगळी उघडून परत भरायची आहेत," ते म्हणाले. "दारू मी तोलतो."

"दुसऱ्या कुणाक तरी सांगा," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

"दुसरा चूक करील. तुम्ही आता करणार नाही."

रात्री जेवताना मी बाबांना विचारलं, त्या माणसाचं मन राखायला तुम्ही स्वतःचा जीव देणार का. बाबा म्हणाले, "संस्थान गेलं तेव्हा मला कोणी काम सांगेना. काही येत नसलेला माणूस, असंच जो तो माझ्याकडे बघायचा. मेस्त्रींकडे वर्षभर सगळे तसंच बघताहेत. मी आणखी तेच करू?" मग भाताकडे बघत म्हणाले, "आणि माझी बोटं चालत नाहीत, हेही आहेच."

पुढचे दिवस चाळीत करमणूक झाली. काकांनी तेलाशी वैर धरलं. डोक्याला खोबरेल बंद, केस कोरड्या गवतासारखे उभे. कामाच्या आधी राखेने आणि मग साबणाने हात धुवायचे, पंच्याने पुसायचे, पुन्हा धुवायचे. काकूंनी पापड तळायला काढले तर त्यांना कढईसकट शेजारी पाठवलं. दुपारचं जेवण म्हणजे कोरडी भाकरी आणि कांदा. काकू मला म्हणाल्या, "बाय, तुझ्या बापाशी बोल. हो माणूस सुकान जातलो." मी हसले, पण मनात कुठेतरी निवांत झाले. त्या काडतुसांतलं एक बाबांनी चांदमारीवर वाजवलं. आवाज कानठळ्या बसवणारा आला. काका त्या आवाजालाही हसले नाहीत. एक वाजलं म्हणून बाकीची वाजतीलच असं थोडंच आहे, म्हणाले.

बाबा रायफल घेऊन जंगलाकडे रवाना झाले. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवसापासून माझा आणि काकांचा जीव टांगणीला लागला. मी शाळेतून आले की ते दारात उभे असत, काही कळलं नाही अशी मी मान हलवत असे, की ते आत जात. आमच्यात बोलणं तेवढंच. माझा राग केव्हाच गेला होता. त्यांच्याइतकी काळजी करणारं चाळीत दुसरं कोणी नव्हतं, आणि मला ती सोबत लागत होती.

एका सकाळी टॅक्सी दाराशी थांबली आणि बाबा उतरले. काळवंडलेले, पण धड. काका जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. बाबा वर चढून येईपर्यंतही त्यांना दम निघाला नाही.

"वाजली?"

"दोन्ही वाजली," बाबा म्हणाले. "पहिली थोडी खाली लागली, तो थांबला नाही. सरळ अंगावर आला. दुसऱ्या गोळीला पडला. इथून त्या खांबाएवढा लांब."

मी गॅलरीचा कठडा धरला. दुसऱ्या गोळीला नुसती टक्क झाली असती तर काय, ते वेगळं सांगायची गरज नव्हती. मी काकांच्या पाया पडावं असं मला वाटलं, आणि मी वाकलेही. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"आणि हत्ती?"

"गेला, मेस्त्री."

काका खाली जिन्यावरच बसले आणि रडायला लागले. आधी मला वाटलं आनंदाने रडताहेत. बाबा सामान ठेवून त्यांच्या शेजारी बसले.

"तुमी इलात, बरा झाला," काका म्हणाले. "वर्षभरात हातानं येकच काम केलंय. ता त्या जनावराच्या डोक्यात गेला." मग डोळे पुसून म्हणाले, "परत माका सांगू नकात."

"नाही सांगणार," बाबा म्हणाले. ते स्वतःही रडत होते.

काकांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपात त्यांना काम मिळालं. पुढच्या वर्षी त्याच खात्याचं पुन्हा पत्र आलं, दुसऱ्या हत्तीसाठी. बाबांनी मला उत्तर लिहायला बसवलं. प्रकृती ठीक नसल्यामुळे येऊ शकत नाही, असं लिही म्हणाले. बोटं सोडली तर त्यांची प्रकृती ठणठणीत होती. मी लिहिलं.