जेवणानंतरची गोळी

भागीरथाचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. विडीच्या तेंदूपत्त्याचा हंगाम होता. वाघाच्या भीतीने बाया जथ्याने जंगलात जात. उजाडताच पाने तोडायची, ऊन चढायच्या आत घरी आणायची आणि पानांचे सगळे पुडे बांधून झाल्याशिवाय जेवायचे नाही. पान सुकले की बांधताना फाटते. तिच्या घरी ही रीत सासूपासूनची.

भागीरथा माझी धाकटी बहीण. मूल गावाजवळच्या खेड्यात राहते. दोन वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग निघाला. रोज एक गोळी सुरू झाली. मळमळायचे, डोळ्यांखाली सूज यायची, पण रक्त सुधारले.

हंगाम संपल्यावर मी तिच्याकडे गेलो. फळीवर गोळ्यांची पाकिटे न फोडलेली.

"गोळ्या काऊन नाई घेतल्या?"

"कशा घेऊ, भाऊ? डॉक्टरीणबाईनं सांगतलं, सकाळी जेवण झाल्यावर घे. सकाळी जेवलीच नाई, तं गोळी कशी घेऊ?"

"दुपारी जेवत होती नं?"

"ते सकाळ थोडीच व्हय! उपाशीपोटी घेऊ नोको, हे बी तिनंच सांगतलं. मी तं तिचंच ऐकून राह्यली."

"मामा, पुड्यात एक पान कमी पडलं तं आई रागावते," साधना, तिची पोरगी, म्हणाली. "अन् गोळी?"

"चूप बस. जंगलात भात आणून देत होती का तू?"

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन नागपूर गाठले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यांनी समजावले. पेशीत कायनेज नावाची प्रथिने असतात. ती दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून निरोप पुढे पाठवतात : वाढा. निरोप गेला की चांगले कायनेज थांबते. भागीरथाच्या रक्तात दोन जनुकांचे तुकडे चुकीचे जोडले गेले, म्हणून एक कायनेज थांबतच नाही. गोळी त्याच्या खाचेत बसते आणि काम बंद पाडते. गोळी बंद झाली की खाच मोकळी.

मी गडचांदूरला सिमेंट कारखान्यात दगड फोडणाऱ्या क्रशरवर होतो. यंत्राच्या पट्ट्याखाली शिरण्याआधी स्विच पाडून त्यावर आपले कुलूप लावायचो. कुलुपाने यंत्र दुरुस्त होत नाही, फक्त बंद राहते. बहिणीचे कुलूप हंगामभर निघालेले होते.

"गोळी चुकल्याच्या काळात खाचेचा आकार बदलला असेल, तर ही गोळी बसणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासावं लागेल. तुमच्या घरी रोज न चुकणारं जेवण कोणतं?"

"रातचं," भागीरथा म्हणाली.

"मग आजपासून रात्री."

अहवाल येईपर्यंत भागीरथा ओसरीवर बसून असायची. मांडीवर बोटे चालायची, पुडे बांधावेत तशी. मी विचारायचो, "जेवली का? घेतली का?" ती फोडलेले पाकीट दाखवायची.

अहवाल आला. रोग वाढला होता. खाच मात्र बदललेली नव्हती. तीच गोळी चालणार होती.

तेंदूपत्त्याच्या मजुरीतून तिला छपराचे पत्रे घ्यायचे होते. ती मजुरी या तपासणीला गेली.