गेक नियोचे शेवटचे तीन किलो

माझा कॉफीचा स्टॉल आणि गेक नियोचा लाक्साचा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट रस्सा-शेवयांचा, स्टॉल, मध्ये फक्त एक पत्रा. बावीस वर्षं तिची कटकट त्या पत्र्यापलीकडून ऐकतेय. पण त्या दिवशी ओरडली ती तिची भावजय, पुई येन. भर जेवणाच्या गर्दीत, रांग मोडून पुढे येऊन.

"ताई, एकदाच खरं सांगा. तुम्हाला द्यायचीच नाहीये ना?"

द्यायची होती ती किडनी. गेक नियोचा धाकटा भाऊ बून कियात दोन वर्षं डायलिसिसवर होता. बायकोची, पुई येनची, किडनी जुळली नाही, बहिणीची जुळली. पण बहीण एक्क्याण्णव किलोची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "सत्त्याहत्तरच्या खाली या, मगच ऑपरेशन. नाहीतर त्याला वाचवताना तुम्हीच जाल."

तेव्हापासून ही पन्नाशी उलटलेली बाई रोज सकाळी साडेसहाला माझ्याबरोबर बेडोकच्या पोहण्याच्या तलावावर येऊ लागली. पोहता येत नव्हतं. पहिला आठवडाभर काठ सोडेना आणि मला शिव्या घालणं थांबवेना. पुढे एका दमात वीस फेऱ्या मारायला लागली. जेवण म्हणजे वाफवलेला मासा, पालेभाजी, मूठभर भात. माझ्याकडची कॉफीसुद्धा बिनदुधाची, बिनसाखरेची. अकरा किलो उतरले. मग काटा ऐंशीवर जो अडला, तो चार आठवडे हलेना.

इकडे डायलिसिसच्या सुया टोचून टोचून बून कियातच्या हातातल्या शिरा निकामी होत चालल्या होत्या. ऑपरेशनची तारीख दीड महिन्यावर आली होती, आणि ती हुकली तर पुढची कधी, ते कुणी सांगेना.

गेक नियो भावजयीला एवढंच म्हणाली, "रांग अडवू नकोस." आणि तिने पुढचा वाडगा भरायला घेतला. मला पुई येनचा संताप आला. आणि खोटं कशाला बोलू, शंका मलाही आली. ही चोरून खात तर नसेल?

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याआडून नजर ठेवली. गेक नियोने रस्सा ढवळला, चमचाभर चाखला. मीठ टाकलं, चाखला. नारळाचं दूध ओतलं, परत चाखला. दर चार वाडग्यांनंतर पुन्हा. प्रत्येक चमच्याला मी एक स्ट्रॉ बाजूला ठेवत गेले. दुपारी दोनपर्यंत त्रेचाळीस झाल्या.

मी तिच्याच पातेल्यातून त्रेचाळीस चमचे मोजून काढले. वर तेलाचा तवंग असलेले दोन वाडगे भरले.

"हे काय?"

"हे तू सकाळपासून खाल्लंस."

"काहीतरीच! मी कुठे खाल्लं? चाखलं फक्त."

आमच्या स्टॉलांच्या ओळीतला कुठलाही स्वयंपाकी हेच म्हणाला असता. चाखणं आम्ही खाण्यात धरतच नाही. तिने खुर्ची ओढली आणि ती त्या वाडग्यांसमोर बसली.

"आई म्हणायची, जी चाखत नाही तिने गिऱ्हाइकाला वाढू नये."

"मग दुसऱ्या कुणाला तरी चाखू दे."

"कुणाला?"

मोकळं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाला हिने, घरात लग्न होऊन आल्यापासून एकोणीस वर्षांत, पातेल्याला हात लावू दिला नव्हता. गेक नियोने दात-ओठ खात फोन उचलला. "उद्या नऊला ये. माझ्याऐवजी चाखायचंय."

पुई येन आली. पातेल्यापुढे उभी राहिली.

"कसा झालाय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? मीठ? तिखट? सुकी कोळंबी लागतेय का जिभेला?"

"मला नाही कळत ताई!"

"मग कळून घे!"

रस्सा खारट झाला. दहा वर्षं नेमाने येणाऱ्या गिऱ्हाइकाने वाडगा परत केला. गेक नियोचा हात चमच्याकडे गेला, मध्येच थांबला, आणि तिने तो अ‍ॅप्रनला पुसला. असं दिवसातून वीसदा व्हायचं. मला बघवत नव्हतं.

काटा एकोणऐंशीवर आला. मग अठ्ठ्याहत्तर. मग सत्त्याहत्तर पॉइंट चार, आणि तिथेच पाच दिवस. हॉस्पिटलातल्या शेवटच्या वजनाच्या आदल्या सकाळी तिने तिसावी फेरी घेतली आणि तलावाच्या मधोमध तिच्या पोटरीत गोळा आला. मी तिला ओढत काठाला आणलं.

"मरायचंय का तुला? मेलेल्या बाईची किडनी हवीय का त्याला?"

"उद्या वजन आहे," ती धापा टाकत म्हणाली.

हॉस्पिटलात बून कियात खुर्चीत डोळे मिटून बसला होता. गेक नियोने चपला काढल्या आणि ती काट्यावर चढली. पुई येन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"इकडे बघ," गेक नियो म्हणाली. "नवरा तुझा आहे. तूच वाच."

पुई येन वळली. काट्यावर वाकली. म्हणाली, "शहात्तर पॉइंट सहा." मग पुन्हा एकदा, मोठ्याने, नवऱ्याकडे बघून.

गेक नियो खाली उतरेना. मी पुढे झाले, पण माझ्याआधी पुई येन खाली बसली. तिने ताईच्या चपला पुढ्यात ओढल्या, एकेक पाय हातात घेऊन त्यांत घातला, आणि पाय सोडलेच नाहीत.

"ऊठ आता," गेक नियो म्हणाली. "ऑपरेशननंतर दोन महिने स्टॉल तुलाच बघायचाय. रश्शात मीठ-तिखट कमी-जास्त झालं तर मला विचारायला येऊ नकोस. तुझी तू ठरव."