न झालेल्या नवऱ्याची परवानगी

आमच्या घरात मुलींच्या शिक्षणाला कोणाचाच विरोध नव्हता. फक्त सवड नव्हती.

दादाचं लग्न आणि माझा बारावीचा इंग्रजीचा पेपर एकाच दिवशी आले. (तारीख काढताना नवरा-नवरीच्या पत्रिका पाहिल्या, भटजींची सवड पाहिली. माझं वेळापत्रक भिंतीवर लटकत होतं, ते कोणाला दिसलं नाही!)

"करवली नाय तं वरात कशी निघंल?" आत्या कडाडली. "परीक्षा काय, पुढल्या सालीबी येल. भावाचं लगीन एकदाच!"

दादा दहावीला तीनदा बसला, तेव्हा दर खेपेला नारळ फुटला होता. माझ्या वाट्याला नारळ खवायची विळी!

"आधी भाकऱ्या थाप, मंग बघू," बाबांनी तोडगा काढला. अख्ख्या कुळगावाला पुरतील एवढ्या तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. मग त्या 'बघू'ची वाट न पाहता, आदल्या रात्रीच्या हळदीनं पिवळं झालेलं तोंड आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घेऊन, एमआयडीसीच्या शिफ्टवाल्यांच्या रिक्षात घुसून अंबरनाथचं परीक्षा केंद्र गाठलं.

पेपर सुरू झालेला! दारातल्या सिंधी मॅडम म्हणाल्या, "लेट! वापस जाओ." मग त्यांची नजर बांगड्यांवर गेली. "अरे बेटा, आज शादी है? ससुरालवालों ने भेजा?"

मी इतकी फणफणले होते, की म्हटलं, "हां! पती बोला, पहले पेपर!"

"कितना अच्छा लड़का है!" मॅडमचे डोळेच भरून आले. बाक मिळालं, वर पाणीही मिळालं. बापाच्या पोरीला बंद असलेलं दार परक्याच्या बायकोला सताड उघडं! अंगाचा तिळपापड झाला. त्याच संतापात पेपर खरडला.

हे सगळं ऐकणारा शिपाई नेमका आमच्या शेजारच्या हेंद्रेपाड्याचा, ओळखीचा. बातमी माझ्या आधी मांडवात पोचली.

"कोनाशी लगीन केलंस?" बाबा गरजले.

"कोणाशीच नाही!"

"मंग परीक्षेला बसायची परवानगी कोनी दिली?"

मी पास झाले. बाबांनी कितीही खुलासे केले, तरी गाव म्हणत राहिलं, "पोरीचा नवरा देवमानूस हाय, शिकू देतोय." पेपर लिहिला मी, कौतुक त्या नसलेल्याचं!

पुढे खरा नवरा मिळाला. बी.ए.चं नाव काढताच म्हणाला, "आता कशाला?" त्या खोट्याच्या पासंगालाही पुरला नाही मेला! खोटा मी उभ्या उभ्या अव्वल निवडला होता. खऱ्याच्या वेळी मात्र सपशेल नापास झाले.